मित्राचे रत्न, शत्रूच्या हाती

गोंदियात अकरावीला असलेल्या माझ्या भाचीने परवा एक तक्ता पुढे केला. जे. आर. आर. टोल्कीन यांच्या १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द हॉबिट’ या कादंबरीतील संघर्षांची वर्गवारी तिला करायची होती. माणसाचा शत्रूशी, निसर्गाशी आणि स्वतःशी, असे तीन रकाने. पहिले दोन सहज भरले. तिसऱ्यात तिने भुयाराचा प्रसंग लिहिला. स्माउग या ड्रॅगनच्या घोरण्याचा आवाज ऐकून छोटा बिल्बो अंधारात थबकतो आणि तरीही पुढचे पाऊल टाकतो. त्याची खरी लढाई तिथेच झाली, असे लेखकच सांगतो.

अडले ते पुढे. ड्रॅगन मरतो आणि त्यानंतरच खरे भांडण सुरू होते. बुटक्यांचा राजा थोरिन आपल्या पूर्वजांच्या सुवर्णराशीवर हक्क सांगतो. ते न्याय्यच आहे. ड्रॅगनला मारणारा बार्ड जळून खाक झालेल्या नगरातील बेघरांसाठी वाटा मागतो, तेही न्याय्यच. थोरिन सर्वांत अधिक जपतो ते आर्कनस्टोन हे रत्न बिल्बोने गुपचूप खिशात टाकलेले असते. कराराप्रमाणे चौदावा हिस्सा आपला, अशी तो मनाची समजूत घालतो. (ही पळवाट त्यालाही पुरती पटलेली दिसत नाही.) एका रात्री ते रत्न तो बार्डच्या हाती देतो, जेणेकरून थोरिनला तडजोड करावी लागेल.

हा द्रोह की मैत्री?

टोल्कीन श्रद्धावान कॅथलिक होते. १९०४ मध्ये आई वारल्यावर फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी त्यांचा सांभाळ केला. तरी कादंबरीत ते धर्मोपदेश करीत नाहीत. मला मात्र संत लूकच्या शुभवर्तमानातील तो मनुष्य आठवतो, जो भावाकडून वतनाचा वाटा मिळवून द्या म्हणून प्रभूकडे येतो. प्रभू न्यायाधीश होण्याचे नाकारतो आणि लोभापासून सावध करतो.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात माझ्या नात्यातील दोन भाऊ धानाच्या बांधीतील एका धुऱ्यावरून वर्षानुवर्षे भांडले. थोरल्याने विश्वासाने माझ्याजवळ ठेवलेल्या कागदांत एक जुना मोजणीचा नकाशा होता. त्याप्रमाणे ती पट्टी धाकट्याची होती. मी तो कोणालाही दाखविला नाही. त्याला मी निष्ठा हे नाव दिले. दोघांची आई गेली, तेव्हा चर्चमध्ये ते दोन टोकांच्या बाकांवर बसले होते.

म्हणून बिल्बोला दोष देताना माझी जीभ अडखळते. त्याने रत्न लपविले, हे चूकच. पण ते देऊन झाल्यावर तिथेच सुरक्षित राहण्याचा आग्रह त्याला होतो, आणि तो ऐकत नाही. दोर धरून भिंतीवर चढतो आणि बॉम्बरला ठरल्या वेळी पहाऱ्यासाठी उठवतो. पुढे आपले कृत्य थोरिनसमोर स्वतः कबूल करतो. एवढे करूनही युद्ध टळत नाही. गॉब्लिन चालून आल्यावरच भांडणारे एक होतात. मरणशय्येवर थोरिन त्याच्याशी समेट करतो आणि बार्ड ते रत्न मृत थोरिनच्या छातीवर ठेवतो.

भाची विचारते, “मामा, हे कोणत्या रकान्यात लिहू?” तिचा तक्ता अजून माझ्या मेजावर आहे. नकाशाही त्याच कपाटात आहे.