पौषातली जास्वंद

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



आपल्या ग्वाल्हेरच्या पौषातल्या थंडीची कल्पना पुण्या-मुंबईच्या मंडळींना यायची नाही. दाट धुकं, दोन-दोन दिवस ऊन नाही, पहाटे पारा कधी 5 अंशांच्याही खाली. जास्वंद तर उष्ण हवेतलं झाड. 10 अंशांखालीच कुढायला लागतं. म्हणून बाप्पाच्या फुलांची कुंडी आम्ही दिवाळीनंतर गच्चीवरून खाली, दक्षिणेच्या खिडकीशी आणतो.

तीन वर्षांपूर्वी आत आणल्यावर पानं पिवळी पडून गळू लागली. आम्ही घाबरलो. रोज पाणी, वर शेणखत, रात्री हीटरजवळ. पंधरा दिवसांत बुंधा मऊ पडला, मुळं कुजली. थंडीतून वाचवलेलं झाड आमच्या काळजीनंच गेलं.

माळीकाकांनी समजावलं, हिवाळ्यात हे झाड झोपतं. बोट दोन पेरं खुपसून माती कोरडी लागली तरच थोडं पाणी, तेही सकाळी. थंडी सरेपर्यंत खत नाही. हीटरपासून लांब. पानांमागे पांढरी कीड दिसली तर ओल्या फडक्यानं पुसायची. आणि नुसत्या काड्या उरल्या तरी उपटायचं नाही. नखानं साल किंचित खरवडायची. आत हिरवं दिसलं की झाड जिवंत आहे.

त्याच हिवाळ्यात आमचा धाकटा परीक्षेत नापास होऊन घरी आला होता. खोलीतून बाहेर येत नव्हता. आम्ही सकाळ-संध्याकाळ प्रश्न, उपदेश, दुसऱ्यांच्या मुलांचे दाखले. 'नाम घे' म्हणूनही मागे लागलो. नामसुद्धा खतासारखं ओतलं! तो अजूनच मिटला. कुंडीतली कुजलेली मुळं पाहिली त्या दिवशी आमच्या पोटात गोळा आला. मग सगळे प्रश्न बंद. दोन वेळचं गरम जेवण, दाराशी एक हाक, आणि देवघरात आमचं नाम आम्ही घेत राहिलो. एका संध्याकाळी आरतीला तो येऊन मागे उभा राहिला. ना टाळी, ना आवाज. पण आम्हाला सालीखालचं हिरवं दिसलं.

साधनेचंही असंच आहे. कधी जप कोरडा होतो, मन लागत नाही. मग आपण घाबरून माळा वाढवतो, नाहीतर सगळंच सोडून देतो. गुरुमाऊलींनी नेम लावून दिलाय तो अशाच दिवसांसाठी. थोडा असू दे, पण रोज असू दे.

महाशिवरात्रीच्या सुमारास कुंडी बाहेर काढताना मात्र घाई नको. एकदम कडक उन्हात ठेवली तर पानं करपतात. आधी तासभर कोवळं ऊन, मग आठ-दहा दिवसांत वाढवत न्यायचं. मिटलेल्या माणसालाही लगेच चारचौघांत ओढू नये.

आमची दुसरी जास्वंद यंदा खिडकीशी आहे. एकही कळी नाही, आणि आम्ही निवांत आहोत.

या गुरुवारी एवढंच करू या: घरात कोणी गप्प गप्प असेल, तर काही न विचारता त्याच्या शेजारी बसून एक माळ करू या.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥