दुःख राहते, भीती जाते



नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने आपल्या मृत प्रियजनांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. २ नोव्हेंबरला सर्व मृत भाविकांचा स्मृतिदिन पाळण्याची प्रथा फ्रान्समधील क्लुनी मठाचे मठाधिपती संत ओडिलो यांनी सुमारे एक हजार वर्षांपूर्वी आपल्या मठांत सुरू केली. तेथून ती हळूहळू सगळीकडे पसरली. या महिन्यात आपण कबरी स्वच्छ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो, आपल्या माणसांच्या नावाने मिस्सा अर्पण करतो. हात कामात असतात, पण अनेकांच्या मनात एक प्रश्न घोळत असतो. तो ते कुणापुढे बोलत नाहीत. देवावर माझा विश्वास आहे, पुनरुत्थानावरही आहे. मग अजून रडू का येते? घर रिकामे झाल्यावर रात्री भीती का वाटते? माझा विश्वासच कच्चा आहे की काय?

या प्रश्नाचे उत्तर आज आपण शोधू या, कारण तो मनात दाबून ठेवणारी माणसे आपल्या धर्मग्रामात थोडीथोडकी नाहीत.

मयतीच्या घरी सांत्वनाला गेल्यावर आपण काय बोलतो ते आठवा. ‘रडू नकोस, देवाची इच्छा होती.’ ‘तू असा खचलास तर मुलांनी कुणाकडे बघायचे?’ ‘पुरुषासारखा पुरुष असून रडतोस काय?’ आपला हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण ऐकणाऱ्याच्या मनावर त्याचा काय परिणाम होतो? त्याला वाटते, माझे अश्रू हा माझ्या श्रद्धेतील दोष आहे. दुःखाचे ओझे तर त्याच्या डोक्यावर आधीच असते. त्यावर आपण अपराधीपणाचे दुसरे ओझे ठेवून घरी परततो.

संत योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय उघडा. लाजरस मरण पावून चार दिवस झाले आहेत. प्रभू येशू बेथानीला पोहोचतो. आपण थोड्याच वेळात लाजरसला कबरेतून बाहेर बोलावणार आहोत, हे त्याला ठाऊक आहे. तरीही मरिया आणि तिच्याबरोबरची माणसे रडताना पाहून तो व्याकूळ होतो आणि स्वतः रडतो. ज्याच्या हाती जीवन आहे, ज्याला शेवट माहीत आहे, तोच कबरेकडे जाताना अश्रू ढाळतो. तेव्हा आशा नसलेलाच माणूस रडतो, असे म्हणता येणार नाही. संत पौलानेही थेस्सलनीका येथील भाविकांना शोक करू नका, असे लिहिले नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, असे त्याने लिहिले. शोक आहेच, फरक आहे तो आशेचा.

हा फरक प्रत्यक्ष जीवनात कसा दिसतो? संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथात दोन मृत्यूंविषयी लिहिले आहे. ते दोन्ही शेजारी ठेवून वाचले की ही गोष्ट लख्ख समजते.

पहिला मृत्यू त्यांच्या तरुणपणीच्या जिवलग मित्राचा. ऑगस्टीन तेव्हा उत्तर आफ्रिकेतील आपल्या गावी, थागास्ते येथे शिकवीत होते आणि ख्रिस्ती श्रद्धेपासून दूर होते. मित्र तापाने गेला आणि त्यांचे जगच काळवंडले. ज्या रस्त्यांवरून दोघे फिरले, ज्या घरांत बसले, तिथे पाऊल ठेवणे त्यांना असह्य झाले. शेवटी ते गाव सोडून कार्थेजला निघून गेले. त्या दिवसांविषयी एक विलक्षण गोष्ट त्यांनी नोंदवली आहे. त्यांना जगण्याचा कंटाळा आला होता आणि त्याच वेळी मरणाची भयंकर भीतीही वाटत होती. ज्या मरणाने मित्राला नेले, ते आता सगळ्यांनाच गिळून टाकील असे त्यांना वाटू लागले. दुःख आणि भीती अशी एकमेकांत गुंतली होती.

दुसरा मृत्यू त्यांच्या मातेचा, संत मोनिकेचा. मुलाच्या परिवर्तनासाठी मोनिकेने कित्येक वर्षे अश्रू ढाळले होते. इ. स. ३८७ च्या पास्काला मिलान येथे संत अँब्रोज यांच्या हातून ऑगस्टीन यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी आफ्रिकेला परतण्यासाठी सर्वजण रोमजवळच्या ओस्तिया बंदरात थांबले असता मोनिका तापाने आजारी पडली आणि नवव्या दिवशी तिने देह ठेवला. तिला छप्पन्नावे वर्ष चालू होते, ऑगस्टीन तेहेतीस वर्षांचे होते.

आईचे डोळे ऑगस्टीन यांनी स्वतःच्या हाताने मिटले. त्यांचा किशोरवयीन मुलगा अदेओदातस मोठ्याने रडू लागला, तेव्हा सगळ्यांनी त्याला गप्प केले. ऑगस्टीन यांनीही डोळ्यांतले पाणी आत परतवले. आई श्रद्धेत मरण पावली आहे, मग आक्रोश शोभत नाही, असे त्यांना वाटत होते. दफनाच्या वेळी ते रडले नाहीत. कबरेजवळ तिच्यासाठी पवित्र बली अर्पण झाला, तेव्हाही नाही. मन हलके व्हावे म्हणून ते स्नानाला गेले, पण जसे गेले तसेच परतले. मग झोपले. उठल्यावर त्यांना संत अँब्रोज यांच्या एका गीताच्या ओळी आठवल्या आणि त्यामागोमाग आई आठवली. आता अडवायला कुणी नव्हते. एकांतात, केवळ देवासमोर, त्यांनी अश्रूंना वाट मोकळी करून दिली आणि त्यांच्या मनाला विसावा मिळाला.

हे सर्व त्यांनी दहाहून अधिक वर्षांनंतर लिहिले, तेव्हा ते हिप्पोचे बिशप होते. बिशपने आपल्या रडण्याची हकीकत सगळ्यांना वाचायला द्यावी, ही लहान गोष्ट नाही. या दुसऱ्या मृत्यूच्या वेळी दुःख कमी नव्हते. उलट दोन जीव एक झाले होते ते आता फाटले, असे त्यांना जाणवत होते. पण पहिल्या वेळची ती दहशत या वेळी कुठेच नाही. ते गाव सोडून पळाले नाहीत. आई हरवली, संपली, असे त्यांना वाटले नाही. माणूस तोच, प्रेम तेवढेच उत्कट. मध्ये आली होती ती देवाची कृपा. कृपेने त्यांचे दुःख काढून घेतले नाही, दुःखातली भीती काढून घेतली.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना प्राचीन स्टोइक पंथाशी आमचा परिचय झाला. खरा ज्ञानी माणूस शोक आणि भय यांच्या पलीकडे गेलेला असतो, असे हा पंथ मानतो. ऐकायला हे फार उदात्त वाटते. परंतु ऑगस्टीन यांनी पुढे ‘देवनगरी’ या ग्रंथात या विचाराला स्पष्ट विरोध केला आणि त्यासाठी लाजरससाठी रडणाऱ्या प्रभूचाच दाखला दिला. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी तर शोकावरचे पाच उपाय क्रमाने मांडले: आनंद देणारी एखादी गोष्ट, अश्रू, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन, आणि शेवटी झोप व स्नान! एवढा मोठा ईशज्ञानी, पण दुःखी माणसाने अंघोळ करावी, झोपावे हे सांगायला तो विसरला नाही. कारण कृपा माणसाचा स्वभाव मोडत नाही, ती त्याला पूर्णत्वाला नेते, ही त्यांची शिकवण. आत कोंडून ठेवलेले दुःख अधिक सलते, असे ते म्हणतात. मित्राविषयीही त्यांनी सुंदर सांगितले आहे. तो सोबत दुःखी होतो तेव्हा ओझ्याला जणू दुसरा खांदा मिळतो, आणि आपल्यावर कुणाचे तरी प्रेम आहे हे दुःखिताला कळते.

आता भीतीकडे वळू या. प्रियजन गेल्यावर आपल्याला नेमकी कसली भीती वाटते? पुढे संसार कसा चालेल, ही एक. आपल्यालाही एक दिवस जायचे आहे, ही दुसरी. आणि सर्वांत खोल भीती म्हणजे, आपले माणूस कुठेतरी एकटे पडले, आपल्या हातून कायमचे निसटले.

ही भीती मोनिकेलाही होती. पती पात्रिसियसच्या शेजारी आपली कबर असावी म्हणून तिने आफ्रिकेत आधीच जागा करून ठेवली होती. त्याच जागी विसावायचे, ही तिची फार दिवसांची इच्छा होती. पण ओस्तियात ती इच्छा गळून पडली. आपल्या गावापासून इतक्या दूर देह ठेवायची भीती वाटत नाही का, असे कुणी विचारले तेव्हा तिचे उत्तर असे होते की देवाला काहीच दूर नाही. शेवटच्या दिवशी मला कुठून उठवायचे हे त्याला ठाऊक असेल. आजारपणात दुसरा मुलगा म्हणाला की मरण आपल्या देशात आले तर बरे. तिने त्याच्याकडे नाराजीने पाहिले. देह कुठेही पुरा, तिने सांगितले. मागणे एवढेच की तुम्ही जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा.

बंधुभगिनींनो, मोनिकेचे हे उत्तर आपल्यातील काहीजणांसाठी फार मोलाचे आहे. २०२० आणि २०२१ साली कोरोनाच्या महामारीत ज्यांनी आपले माणूस गमावले, त्यांतील कित्येकांना शेवटचे तोंडही पाहता आले नाही. २०२० मध्ये अंत्यविधीला वीसपेक्षा अधिक माणसांना परवानगी नव्हती. ज्या घराच्या मयतीला सारा गाव लोटला असता, त्या घराचा माणूस चार अनोळखी हातांनी उचलला. काहींची माणसे आखातात किंवा जहाजावर नोकरी करताना गेली. ‘आम्ही त्याचे काहीच करू शकलो नाही’ ही बोच आज इतक्या वर्षांनंतरही अनेक घरांत आहे. त्यांना आम्ही मोनिकेच्या शब्दांकडे न्यावेसे वाटते. तुमचे माणूस तुमच्या नजरेआड गेले, देवाच्या नजरेआड नाही. तुमचे हात त्याच्यापर्यंत पोहोचले नाहीत, पण त्याला धरणारे हात तिथे होते.

हे पटले तरी भीती एका रात्रीत जाईल, असे नाही. गेथसेमनी बागेत प्रभू येशूने प्याला दूर करण्याची विनंती केली. संत लूक सांगतो की स्वर्गातून देवदूत येऊन त्याला बळ देऊ लागला. आपल्याला वाटेल, आता वेदना थांबल्या असतील. पण नाही. त्यानंतरच तो अत्यंत क्लेशात अधिक कळकळीने प्रार्थना करू लागला आणि त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडू लागला, असे लूक लिहितो. प्याला दूर झाला नाही; तो घेण्याचे बळ आले. कृपा अशीच येते. रात्री झोप लागत नसेल आणि तोंडून ‘प्रभू, मला भीती वाटते’ एवढेच निघत असेल, तर ती अपुरी प्रार्थना समजू नका. त्या क्षणी प्रार्थना करावीशी वाटणे, हीच कृपेची खूण आहे.

मग आपण काय करावे? दुःखी माणसाला रडू द्यावे. त्याच्याजवळ नुसते बसावे; उत्तरे आपल्याजवळ नाहीत म्हणून जायचे टाळू नये. मयतीच्या घरातील लहान मुलांना गप्प करू नये किंवा बाजूला काढू नये. त्यांनाही निरोप घ्यायचा असतो, त्यांचे प्रश्न ऐकावेत. पहिले काही दिवस शेजारीपाजारी जेवण आणतात, घर भरलेले असते. महिन्याच्या मिस्सानंतर मात्र दार वाजवणारे कुणी नसते. त्या वेळी जावे. येणारा नाताळ ज्या घरात पहिल्यांदाच एक खुर्ची रिकामी ठेवून येणार आहे, त्या घराची आठवण आतापासून ठेवावी. आणि दुःख महिनोन्‌महिने अन्नपाणी, झोप गोड लागू देत नसेल, जगणेच नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांचा किंवा समुपदेशकाचा सल्ला अवश्य घ्यावा. त्यात श्रद्धेला कमीपणा नाही. देवाची कृपा माणसांच्या हातांनीही काम करते.

१९४५ साली ओस्तिया येथे दोन मुले खेळासाठी खांब रोवायला खड्डा खणत असताना मोनिकेच्या कबरीवरील शिलालेखाचा एक तुकडा सापडला. दगड फुटला होता. तिचे अवशेष तर १४३० सालीच रोमला हलवले गेले होते. कबर हलली, दगड फुटला, पण तिचे शेवटचे मागणे आजही पाळले जात आहे. प्रत्येक मिस्साबलीत धर्मगुरू मृतांसाठी प्रार्थना करतात, तेव्हा तिथे आपण आपल्या प्रियजनांचे नाव मनात घेऊ शकतो. वेदीवर तोच ख्रिस्त येतो, ज्याच्यात ते जगतात आणि ज्याच्यात आपणही जगतो. कबरस्थानात आपल्यामध्ये माती असते. वेदीपाशी आपल्यामध्ये प्रभू असतो.

या रविवारी ती प्रार्थना येईल तेव्हा क्षणभर थांबा आणि आपल्या माणसाचे नाव घ्या. डोळे भरून आले तर भरू द्या. प्रभूचेही भरले होते.

प्रभूची शांती आपणा सर्वांबरोबर असो.

आपले प्रमुख धर्मगुरू