मालकी आणि जाण

वस्तू विकत घेतली म्हणजे ती आपली झाली, असे आपण सहज मानतो. नोंदणीपुस्तकावर नाव आपले, विम्याचा हप्ता आपण भरतो. मग मालकीविषयी शंका ती कोणती? शासकीय सेवेत असताना आमचीही हीच धारणा होती. कागद चोख तर हक्क चोख. परंतु निवृत्तीनंतर इंदूरच्या आमच्या घरापुढे उभ्या असलेल्या लहानशा मोटारीने या धारणेला धक्का दिला.

एका हिवाळी सकाळी गाडी सुरूच होईना. गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या मिस्त्रीने पाहिले आणि बॅटरी चांगली आहे, तिच्या टोकांवर केवळ थर साचला आहे, असे सांगितले. पंधरा मिनिटांत त्याने टोके साफ केली. पन्नास रुपये घेतले. आठ-दहा महिन्यांनी तीच तक्रार पुन्हा उद्भवली. त्याने मुद्दाम काम अर्धवट ठेवले, अशी आमची खात्री झाली आणि शेजाऱ्यांपाशी आम्ही तसे बोलूनही दाखविले. दुसरीकडे जाऊन नवी बॅटरी बसविली. वर्षभराने तिच्यावरही तोच पांढरट-हिरवट थर!

तेव्हा आम्ही स्वतः पाना हाती घेतला. कृती साधी आहे. गाडी बंद करून ऋण टोकाची तार आधी सोडावी व जोडताना ती शेवटी जोडावी, म्हणजे पाना पत्र्याला लागून ठिणगी उडण्याचे भय राहत नाही. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या ब्रशाने थर घासावा, टोके कोरडी करून घट्ट बसवावीत आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात द्यावा. बॅटरीतून आम्लाचा अंश थोडाथोडा बाहेर येतो व धातूला खातो. थर पुन्हा येणे हा वस्तुधर्म होता. अपराध त्या मिस्त्रीचा नव्हता.

कोणी विचारील, सारे आपणच केले तर त्याच्या पोटाचे काय? शंका रास्त आहे. ब्रेक वा इंजिन यांना आम्ही हात लावीत नाही. ते जाणकाराचेच काम. परंतु करणे वेगळे आणि जाणणे वेगळे. ज्याला आपल्या वस्तूची जाण नाही, त्याचा विश्वास आंधळा असतो आणि त्याचा संशयही आंधळाच. पहिल्याने आपले पैसे जातात, दुसऱ्याने दुसऱ्याची अब्रू जाते.

होळकरांच्या काळापासून येथे दप्तर सांभाळीत आलेल्या आमच्यासारख्या घराण्यांत हात काळे करणे कमीपणाचे ठरले. 1960 साली विनोबा इंदूरला मुक्कामास होते, तेव्हा त्यांनी या शहरात स्वतः मैला साफ केला. आमच्या घरी त्या गोष्टीचे कौतुक पुष्कळ झाले. झाडू मात्र कोणी उचलला नाही.

बॅटरी साफ झाल्यावर आम्ही मिस्त्रीकडे गेलो आणि झाला प्रकार सांगितला. ज्या शेजाऱ्यांपाशी त्याची निंदा केली होती, त्यांनाही चूक आमचीच होती हे सांगून आलो. ते काम पाना चालविण्याहून अवघड गेले. मिस्त्री हसला, आमची काळी बोटे पाहिली आणि पावसाळ्याआधी वायपरचे रबर तपासून घ्या, एवढेच म्हणाला.