पळीभर पाणी

सरकारी नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर पडलेल्या मराठी माणसाच्या बिऱ्हाडातून दर बदलीबरोबर काही वस्तू गळतात व काही नव्याने येतात. पाटा-वरवंटा मागे राहतो आणि त्याच्या जागी विजेचे यंत्र येते. पितळेची मोठी भांडी गावच्या माळ्यावर जाऊन बसतात. तुळशीची कुंडी मात्र सुटत नाही. प्रवासात नेता आली तर नेतात. न आली तर नव्या गावी पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात कोणा शेजाऱ्याकडून रोप मागून आणतात. चेन्नई किंवा भुवनेश्वर वाट्यास आले तर पुढे काही अडत नाही, कारण तेथील ऊन तुळशीच्या ओळखीचे असते. सिमला, श्रीनगर, शिलाँग अशा ठिकाणी मात्र मार्गशीर्ष लागला की तुळशीला घरात घ्यावे लागते. आणि तुळस घरात आली की तिच्याबरोबर एक धर्मप्रश्नही घरात येतो. त्याच प्रश्नाचा थोडा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

प्रश्न नीट समजण्यासाठी आधी झाडाचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. लिनिअसने १७५३ साली ज्या वनस्पतीला ‘ऑसिमम टेन्युइफ्लोरम’ असे नाव दिले आणि पुढे १७६७ साली त्यानेच जिला ‘सँक्टम’ म्हणजे पवित्र हे विशेषण लावले, ती ही आपली तुळस पुदिन्याच्या कुळातील असून उष्ण प्रदेशात वाढणारी आहे. पारा दहा अंशांच्या खाली उतरू लागला की तिची वाढ थांबते. दहिवर गोठू लागले की पाने काळवंडतात आणि एखाद्या रात्रीत झाड जाते. सिमला समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे, आणि जानेवारीत तेथील रात्रीचा पारा शून्याच्या आसपास घुटमळतो. दिल्लीत थंडी इतकी कडक नसली तरी पौषातील धुक्यामुळे कित्येक दिवस सूर्याचे दर्शन होत नाही, आणि उन्हावाचूनही तुळस खचते.

वाढ थांबलेले झाड पाणी फार थोडे पिते. अशा वेळी कुंडीत रोज तांब्याभर पाणी पडत राहिले तर माती सुकत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजू लागतात. मुळे कुजली की पाने माना टाकतात. पाहणाऱ्याला वाटते, झाड तहानले आहे. म्हणून तो आणखी पाणी घालतो. थंड प्रदेशात घरात ठेवलेल्या कितीतरी तुळशी थंडीने जात नाहीत, त्या पाण्याने जातात. आणि ते पाणी निष्काळजीपणाचे नसते, ते पूजेचे असते. स्नान करून, शुचिर्भूत होऊन, हात जोडून घातलेले असते.

येथेच धर्मप्रश्न उभा राहतो. सकाळी तुळशीला पाणी घालावे हा नियम. त्या नियमाने तुळस मरते हा अनुभव. मग पाळावे काय? नियम, की तुळस?

या प्रश्नाला दोन तयार उत्तरे आहेत. नियमनिष्ठ मनुष्य म्हणेल, आपण आपले कर्तव्य करावे, झाडाचे जे व्हायचे ते होईल. स्वतःला बुद्धिवादी म्हणविणारा म्हणेल, झाड ते झाड. त्याला लागेल तेव्हा पाणी द्यावे, पूजेचा त्याच्याशी संबंध काय? आम्हांस ही दोन्ही उत्तरे घाईची वाटतात. पहिल्यात देवतेपेक्षा आपल्या नित्यनेमाची चिंता अधिक आहे. दुसऱ्यात झाड वाचते खरे, पण ज्या नात्यामुळे ते परमुलखात आपल्याबरोबर आले ते नातेच निकालात निघते.

कोणत्याही नियमाचा अर्थ लावताना तो कोठे व कशासाठी जन्मला हे पाहावे, हे कारकुनी पेशात आम्ही शिकलो. तांब्याभर पाण्याचा नियम अंगणात जन्मला. कोकणातील जांभ्याच्या मातीतून पाणी झिरपून जाते. देशावरचे ऊन दुपारपर्यंत वृंदावनाची माती कोरडी करते. वृंदावनाचा चौथरा उंच असतो, त्यामुळे मुळाशी पाणी तुंबत नाही, गुराढोरांचे तोंड पोचत नाही आणि चारी बाजूंनी ऊन-वारा मिळतो. अशा ठिकाणी रोज तांब्याभर पाणी ही पूजाही होती आणि झाडाची नेमकी गरजही होती. पूजा आणि जोपासना यांत तेथे अंतरच नव्हते. त्या दोहोंना वेगळे केले ते आपल्या बदलीच्या हुकुमाने. म्हणून आता आपणांस जी निवड करावी लागते ती आपल्या पूर्वजांना कधी करावी लागली नाही; त्यांचा दाखला देऊन तिच्यातून सुटताही येत नाही.

परंपरेने स्वतः असे प्रसंग कसे निभावले तेही पाहण्याजोगे आहे. वैशाखात महादेवाच्या पिंडीवर गळती लावतात. पंढरपुरास उन्हाळ्यात विठ्ठलाला चंदनाची उटी लागते. हिवाळ्यात केदारनाथाचे मंदिर बंद होते, देवाची उत्सवमूर्ती खाली उखीमठास येते आणि तेथेच तिची पूजा चालते. बद्रीनाथाला तुळशीचा हार प्रिय. परंतु त्या उंचीवर आपली तुळस टिकत नाही, म्हणून त्या डोंगरांत उगवणाऱ्या सुवासिक वनस्पतीला ‘बद्रीतुलसी’ म्हणून तिचाच हार देवाला घालतात. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी ती पुदिन्याच्याच कुळातली, पण निराळ्या जातीची आहे. अंगणातली तुळस अंगणाबाहेर नेऊ नये म्हणावे, तर आषाढीच्या वारीत बायाबापड्या तिचे वृंदावन डोक्यावर घेऊन पंढरीपर्यंत चालत जातात. ऋतू पाहून देवाला थंडावा देणारी, बर्फ पडण्याआधी देवाला खाली आणणारी ही परंपरा, पौषात तुळशीला एक तांब्या कमी घातल्याने रुष्ट होईल असे आम्हांस वाटत नाही.

मात्र येथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. देश-काळ पाहून नियम बदलावा म्हटले की प्रत्येकजण आपापला देश व आपापला काळ पाहू लागतो. आज थंडी म्हणून पाणी कमी केले. उद्या कचेरीची घाई म्हणून दिवा राहिला. परवा कुंडी मोलकरणीकडे सोपविली. आणि एके दिवशी प्लॅस्टिकची तुळस आणून काचेच्या कपाटावर ठेवली. परमुलखात राहणाऱ्याजवळ आधीच थोडे नियम उरलेले असतात. त्यांतला एकेक सैल केला तर शेवटी हातात काय राहील? आपद्धर्म हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे. महाभारताच्या शांतिपर्वात त्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. पण आपत्ती संपल्यावरही आपद्धर्मच चालू ठेवणारे लोक काही थोडे नाहीत.

या आक्षेपाला आम्हांस सुचलेले उत्तर आमच्याच धंद्यातले आहे. निवृत्तिवेतन घेणाऱ्याने दर वर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा असा नियम आहे. वेतन योग्य माणसाच्या, आणि जिवंत माणसाच्या, हाती पडावे हा त्याचा हेतू. आता अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला दाखल्यासाठी बँकेच्या पायऱ्या चढावयास लावल्या, तर ज्याच्यासाठी नियम केला त्याच्याच तोंडचा घास तो नियम काढून घेईल. म्हणून २०१४ च्या नोव्हेंबरात ‘जीवन प्रमाण’ ही संगणकीय सोय निघाली, आणि आता घरबसल्या मोबाईलपुढे चेहरा धरूनही दाखला देता येतो. ऐंशी वर्षांवरील लोकांना तर तो ऑक्टोबरपासूनच देण्याची मुभा आहे. या बदलात दाखल्याची अट कोणी रद्द केली नाही. वृद्धाचे श्रम कमी झाले. नवी यंत्रणा उभारण्याचे व चालविण्याचे श्रम सरकारने आपल्या अंगावर घेतले. उलट एखाद्या टेबलावर ‘यंदा दाखले तपासण्याचे कारण नाही’ असे कोणी ठरविले असते, तर तो बदल नव्हता, ती कामचुकारी होती.

यावरून एक कसोटी हाती येते. नियमात बदल करताना विचारावे: या बदलाने श्रम कोणाचे वाचतात? आमचे वाचत असतील तर बदलाविषयी संशय घ्यावा. ज्याची सेवा करावयाची त्याचे भले होत असेल आणि आमचे श्रम वाढत असतील, तर तो बदल नियमाच्या पोटातलाच समजावा.

या कसोटीला थंडीतली तुळस लावून पाहा. तांब्याभर पाणी ओतण्यास अर्धे मिनिट लागते आणि झाडाकडे पाहण्याचीही गरज नसते. त्याऐवजी आता रोज सकाळी मातीत बोट घालून पाहावे लागते. वरची पेरभर माती कोरडी लागली तरच पाणी घालावयाचे, तेही कोमट, आणि तळाच्या भोकातून निथळलेले पाणी ताटलीत साचू द्यावयाचे नाही. माती ओली असेल त्या दिवशी पूजेच्या पळीने थेंबभर पाणी वाहून नमस्कार करावा. नेम राहतो आणि मुळेही राहतात. दिवसा कुंडी दक्षिणेच्या खिडकीत ठेवून पाच-सहा तास ऊन मिळेल असे पाहावे लागते. ऊन एकाच अंगाने येते म्हणून चार दिवसांनी ती थोडी फिरवावी लागते. प्रदक्षिणेला जागा नसलेल्या घरात तुळशीलाच असे वळवावे लागते. सूर्यच दिसत नसेल तेथे विजेचा पांढरा दिवा वीतभर अंतरावर दहा-बारा तास लावावा. रात्री खिडकीची काच बर्फासारखी होते, म्हणून कुंडी आत घ्यावी, आणि फरशीवर न ठेवता लाकडी पाटावर ठेवावी. शेगडी किंवा हीटर तिच्या जवळ नको, कारण त्या कोरड्या हवेत पानांच्या कडा करपतात आणि तांबडी कोळी कीड लागते. आठ-पंधरा दिवसांनी उन्हाच्या प्रहरी पाने ओल्या फडक्याने पुसावीत. संध्याकाळचे निरांजन पानांपासून हातभर दूर ठेवावे. खत थंडीत मुळीच घालू नये.

पाहा, सवलत घेतली म्हणता म्हणता कामाची यादी केवढी झाली! पूर्वीचा नियम दिवसातून एकदा तुळशीपुढे उभे करीत होता. हा नियम तीनदा उभे करतो. म्हणून आम्ही म्हणतो की तांब्याऐवजी पळी घेणारा नियम मोडीत नाही. आणि चैत्रात कुंडी पुन्हा सज्जात गेली, माती दुपारपर्यंत सुकू लागली, की तांब्याकडे परत यावयाचे. परत येण्याची तयारी असेल तोवरच आपद्धर्म हा धर्म असतो.

या ओघात आणखी एका गोष्टीची नोंद करणे अवश्य आहे. तुळस रात्रंदिवस प्राणवायू सोडते, म्हणून ती घरात ठेवावी, असे पुष्कळ शिकलेले लोकही सांगतात. हे खरे नाही. इतर झाडांप्रमाणे तीही अंधारात श्वसन करून कर्बवायूच सोडते. तिच्या पानांत युजेनॉल नावाचे सुगंधी तैलद्रव्य आहे, हे खरे. थंडीत दारे-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी पेटविणाऱ्यांनी तुळशीच्या भरवशावर तर मुळीच राहू नये; त्या धुरातील विषारी वायूने माणसे झोपेतच दगावतात, आणि त्यावर हवा खेळती ठेवणे हाच उपाय आहे. आमचा मुद्दा इतकाच की, पावित्र्याला खोट्या शास्त्राचा टेकू देण्यात पावित्र्याचाच कमीपणा आहे. आईला आपण ती उपयोगी आहे म्हणून सांभाळीत नाही. आणि ती उपयोगी आहे असे खोटे सांगून तर नाहीच नाही.

शेवटचा प्रश्न अधिक अवघड आहे. इतके करूनही काही तुळशी फाल्गुन पाहत नाहीत. उन्हाच्या देशातले झाड आपल्या समाधानासाठी बर्फात आणून ठेवणे, ही सेवा की आपला हट्ट? येथे तिच्या आयुष्याचा विचार करावा. आपल्या गावाकडील अंगणातही एकच झाड दोन-तीन वर्षांपलीकडे क्वचित जोमात राहते. वृंदावन पिढ्यान्पिढ्यांचे असते, आतले रोप बदलत असते. ज्या तुळशीला आजीने पाणी घातले तीच ही, असे आपण म्हणतो ते बियांच्या वाटेने खरे असते. कार्तिकात ऊस, चिंचा, आवळे मांडून तिचे लग्न लागते, आणि त्याच सुमारास ती मंजिऱ्यांनी भरलेली असते. मंजिऱ्या तशाच ठेवल्या तर झाड बी धरून लवकर म्हातारे होते. म्हणून बहुतेक खुडून देवाला वाहाव्यात, आणि दोन-चार वाळू द्याव्यात. त्यांतील मोहरीहूनही बारीक बी कागदाच्या पुडीत जपून ठेवावे. ऊब आल्यावर ते भुसभुशीत मातीवर नुसते भुरभुरले तरी आठ-पंधरा दिवसांत उगवते. गेलेल्या झाडाच्या काष्ठाचे वारकरी मणी करून गळ्यात घालतात. म्हणजे तुळस मेल्यावरही आपल्याकडे ती टाकून देण्याची वस्तू होत नाही.

हट्टाचा दोष लागतो तो झाड गेल्याने नव्हे. कुंडीपुढे रोज उभे राहूनही तिच्याकडे न पाहिल्याने तो लागतो. पुडीत बी जपून, पळी हाती घेऊन आणि मातीत बोट घालून जो थंडी काढतो, त्याची तुळस यंदा राहिली किंवा न राहिली तरी त्याच्या घरातून ती गेली असे म्हणता यावयाचे नाही. बदलीच्या गावी, जेथे आपल्या नित्यनेमाला साक्षी असे मागचे-पुढचे कोणी नसते, तेथे एवढे खरेपण सांभाळता आले तरी पुष्कळ झाले.