बाळ पोटात येण्याआधीचा उपवास



दरवर्षी १९ डिसेंबरला मिस्सामध्ये शास्ते या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायातील वाचन असते. कामाचा वार असला की त्या दिवशी चर्चमध्ये मोजकीच माणसे असतात, त्यामुळे हे वाचन पुष्कळांच्या कानावर पडतच नाही. येत्या बुधवारी आपण कपाळाला राख लावून उपवासकाळात प्रवेश करणार आहोत. त्याच्या तयारीसाठी आज हाच अध्याय घेऊ या.

दान वंशातला मानोहा नावाचा माणूस सरा गावात राहत होता. त्याच्या पत्नीला मूल नव्हते. तिचे नावसुद्धा बायबलमध्ये दिलेले नाही. मूल नसलेल्या बाईला गावाने ज्या नावाने हाक मारली असेल ते आपल्याला न सांगताही समजते. देवाचा दूत प्रथम तिला भेटतो आणि सांगतो की तुला मुलगा होईल. त्याच दमात तो तिला पथ्य सांगतो: द्राक्षारस नको, मद्य नको, अशुद्ध असे काही खाणे नको. हा मुलगा म्हणजे पुढे इस्राएलसाठी लढणारा शमशोन.

यातला क्रम पाहा. पथ्य सांगितले तेव्हा बाळ पोटात नव्हते. आपल्या घरांत पथ्य सुरू होते ते पाळी चुकल्यावर, आणि खरे सांगायचे तर पुष्कळदा सातव्या महिन्यात चोळीच्या कार्यक्रमाला सासू आठवण करून देते तेव्हा. देवदूत मात्र बाळाच्या आधी येतो.

डॉक्टर आज जे सांगतात ते याच क्रमाचे आहे. बाळाचे हृदय, मेंदू, हातपाय यांची घडण गर्भधारणेनंतरच्या पहिल्या आठ आठवड्यांत होते. पाळी चुकली, मग आठ-दहा दिवस वाट पाहिली, मग तालुक्याच्या दवाखान्यात तपासणी केली. एवढ्यात त्या आठ आठवड्यांतले कितीतरी दिवस संपलेले असतात. ज्याने तंबाखू ‘कळल्यावर सोडू’ असे ठरवले, त्याने उशीर आधीच ठरवून ठेवला.

तंबाखू म्हटले की काहींना वाटेल, हे बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी आहे, आपण तर ओढत नाही. महाराष्ट्राची गोष्ट नेमकी इथेच वेगळी आहे. २०१६-१७ साली देशभर प्रौढांच्या तंबाखू-सेवनाची मोठी पाहणी झाली. त्यात महाराष्ट्रातील शंभर प्रौढांमागे साधारण २७ जण कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेणारे निघाले. ओढणारे शंभरात फक्त चार होते, आणि धूर न काढता चघळणारे, दाढेत ठेवणारे, घासणारे २४ होते. वाशिमच्या एसटी स्टँडपासून मानोऱ्याच्या फाट्यापर्यंत कोणत्याही पानठेल्यावर थोडा वेळ थांबा, हा आकडा डोळ्यांनी दिसेल. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत टाकून खर्रा घोटला जातो आणि खिशात जातो. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. बंदी कागदावर आहे आणि पुडी खिशात, हेही सर्वांना ठाऊक आहे.

खर्ऱ्याला धूर नसतो, पण निकोटिन असते. ते रक्तात जाते, रक्तवाहिन्या आकसवते, आणि गर्भवती स्त्रीच्या शरीरात असेल तर वारेतून बाळापर्यंत पोहोचते. आपल्या घरांतल्या बाया बिडी ओढत नाहीत, पण मिश्री लावतात. काळी तंबाखू तव्यावर भाजून, कुटून, बोटाने दातांना घासायची. दात साफ होतात, पोट साफ होते, गरोदरपणात मळमळ थांबते, असे आई लेकीला सांगत आलेली आहे. याच्यावर आपल्या महाराष्ट्रातच अभ्यास झालेला आहे. मुंबईतील बाराशेहून अधिक गर्भवती स्त्रियांचा हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात तंबाखू घेणाऱ्या स्त्रियांची सर्वांत प्रचलित सवय मिश्रीचीच होती. त्यांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि बाळंतपण सरासरी सहा दिवस आधी झाले. १०५ ग्रॅम म्हणजे काय, असे कोणी म्हणेल. अडीच किलोच्या काठावर असलेल्या बाळाला विचारा.

आता पुरुषांकडे वळतो, कारण आज मला जास्त बोलायचे आहे ते त्यांच्याशीच.

मानोहाची पत्नी नवऱ्याकडे गेली आणि तिने त्याला सर्व सांगितले. मानोहा काय म्हणाला? ‘तुला सांगितले ना, मग तू पाळ,’ असे म्हणून तो मोकळा झाला नाही. त्याने देवाची प्रार्थना केली की तो देवमाणूस पुन्हा येऊ दे आणि होणाऱ्या मुलासाठी आम्ही काय करायचे ते आम्हाला शिकवू दे. ‘आम्ही’ असे तो म्हणाला. दूत दुसऱ्यांदा आला तोही शेतात बसलेल्या तिच्याकडेच. ती धावत गेली आणि मानोहा उठून तिच्या मागोमाग चालत गेला. बायकोच्या मागे चालत जाऊन मुलाचे पथ्य विचारणारा नवरा! मला वाटते, शमशोनाच्या ताकदीपेक्षा त्याच्या बापाचे हे चालणे आपल्याला जास्त उपयोगाचे आहे.

देवदूताने मानोहाला स्वतःला मद्य सोड असे सांगितले नाही, हे खरे आहे. पण मानोहाने जे विचारले त्याचे उत्तर आज आपल्याला माहीत आहे. पुरुषाचे बीज तयार व्हायला सुमारे अडीच ते तीन महिने लागतात. म्हणजे आज जे बीज आहे ते तीन महिन्यांपूर्वीच्या खाण्यापिण्याचे आहे. धूम्रपानाने शुक्राणूंची संख्या आणि हालचाल कमी होते आणि त्यांच्यातील जनुकीय द्रव्यालाही इजा होते. चघळणारेही सुटलेले नाहीत. वंध्यत्वाची तपासणी करून घेणाऱ्या भारतातील ६३८ पुरुषांचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात चघळण्याचे प्रमाण जितके जास्त, तितकी शुक्राणूंची स्थिती वाईट आढळली.

आपण सोयाबीन पेरणारी माणसे आहोत. घरचे बियाणे वापरायचे असेल तर मृग लागण्याआधी शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. सत्तरच्या खाली आले तर मनात धाकधूक होते. दाणा उगवला नाही तर कोणी शहाणा माणूस फक्त जमिनीला शिव्या देत नाही. पण घरात पाळणा हलला नाही की सगळे बोट सुनेकडे. (बाई म्हणजे नुसती जमीन असे मी म्हणत नाही. बाळात तिचाही निम्मा वाटा असतो आणि नऊ महिन्यांचे ओझे वर.) मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या ठिकाणी कारण पुरुषाकडे असते किंवा त्याचाही त्यात वाटा असतो. तरी तपासणीला एकटी सूनच जाते, सासूबरोबर. नवरा बाहेर पानठेल्यावर खर्रा घोटून घेत उभा असतो. हे दृश्य आपल्या धर्मग्रामातल्या कोणाला अनोळखी आहे असे मला वाटत नाही.

बिडी ओढणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की एका खोलीच्या घरात धूर एकट्याचा राहत नाही. बायको ओढत नसली तरी तो तिच्या श्वासात जातो, आणि तिलाही गर्भ राहायला वेळ लागू शकतो, गर्भपाताचा धोका वाढतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्यांना मूल नाही त्यांच्यापैकी पुष्कळांनी तंबाखूला हातही लावलेला नसतो. आणि आयुष्यभर बिड्या ओढणाऱ्याच्या घरी सहा मुले असतात. मूल हे चांगल्या वागणुकीचे बक्षीस नाही आणि मूल नसणे ही देवाची शिक्षा नाही. झखऱ्या आणि अलीशिबा दोघेही देवासमोर नीतिमान होते, असे संत लूक आपल्याला सांगतो, आणि तरी म्हातारपणापर्यंत त्यांचे घर रिकामे होते. तेव्हा हे पत्रक हातात घेऊन कोणी शेजारणीला टोमणा मारू नये. मला एवढेच म्हणायचे आहे की जे आपल्या हातात आहे ते बाळाच्या आधी हातावेगळे करावे.

आपला देह पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे संत पौलाने करिंथच्या ख्रिस्ती लोकांना लिहिले. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात (परिच्छेद २२९०) अन्न, मद्य आणि औषधे यांच्याबरोबर तंबाखूचे नाव घेऊन अतिरेक टाळायला सांगितले आहे. पोप फ्रान्सिस यांनी तर २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये व्हॅटिकनमधील सिगारेट-विक्री पुढच्या वर्षापासून बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. त्या विक्रीतून व्हॅटिकनला चांगले उत्पन्न मिळत होते. लोकांच्या आरोग्याचे नुकसान करणाऱ्या गोष्टीत आपण हातभार लावू शकत नाही, हे कारण देण्यात आले. उत्पन्न सोडले. आपल्याला तर फक्त खर्च सोडायचा आहे.

विवाहसंस्काराच्या वेळी वेदीसमोर वधूवरांना विचारले जाते की देव देईल ती मुले प्रेमाने स्वीकाराल का. दोघेही ‘हो’ म्हणतात. ते ‘हो’ बाळंतपणाच्या दिवसापासून लागू होते असे कुठे लिहिलेले नाही.

आता सोडायचे कसे? ‘मन घट्ट कर,’ एवढे सांगून कोणाची तंबाखू सुटत नाही. पहिले काही दिवस सर्वांत कठीण असतात: चिडचिड, डोकेदुखी, झोप उडणे, हात खिशाकडे जाणे. दोन-तीन आठवड्यांत हा जोर बराच ओसरतो. तलब येते ती काही मिनिटांची असते. तेवढ्यात पाणी प्यावे, बडीशेप किंवा लवंग तोंडात धरावी, उठून चालावे. नुसती सुपारी हा उपाय नाही, तीही कर्करोगाचे कारण आहे. तंबाखूच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा क्रमांक छापलेला असतो, तो मोफत आहे आणि सोडू पाहणाऱ्यांना मदत करण्यासाठीच आहे. निकोटिनचे च्युइंगम किंवा गोळ्या घ्यायच्या तर आधी डॉक्टरांना विचारावे, आणि मूल हवे आहे हेही त्यांना सांगावे. मिश्री लावणाऱ्या भगिनींनी आशाताईंशी किंवा आपल्या सिस्टरांशी बोलावे. घसरलात तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करावी. पेत्राने तीनदा नाकारले, तरी प्रभूने त्याच्यासाठी किनाऱ्यावर न्याहारी तयार ठेवली होती.

एक हिशेब मांडतो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत ४६ दिवस, आणि तेथून पेन्टेकॉस्टपर्यंत ४९. एकूण ९५ दिवस, तीन महिन्यांहून थोडे जास्त. नवे बीज तयार व्हायला लागतो तेवढाच काळ! या वर्षी ज्यांना मूल हवे आहे त्या जोडप्यांनी, आणि विशेषतः नवऱ्यांनी, मटणाबरोबर पुडीचाही उपवास धरावा, आणि ईस्टरला मटण सुरू झाले तरी पुडीचा उपवास पेन्टेकॉस्टपर्यंत चालू ठेवावा. ज्यांचे लग्न या उन्हाळ्यात ठरले आहे त्यांनीही आजच सुरुवात करायला हरकत नाही. विवाहपूर्व तयारीसाठी याल तेव्हा मी हे विचारणारच आहे.

बुधवारी राख लावण्याच्या वेळी वेदीच्या पायरीशी एक टोपली ठेवलेली असेल. खर्ऱ्याची पन्नी, बिडीचे बंडल, मिश्रीची डबी, जे असेल ते त्यात टाकून पुढे यावे. नाव लिहायचे नाही, कोणी बघत बसणार नाही. नवरा-बायकोने मात्र शक्यतो एकत्र यावे.