वादळात गाणारी माणसं

२५ जानेवारी १७३६. इंग्लंडहून जॉर्जिया वसाहतीकडे निघालेलं ‘सिमंड्स’ हे जहाज अटलांटिकमध्ये वादळात सापडलं होतं. थोड्याच दिवसांतलं हे तिसरं वादळ. संध्याकाळी जहाजावरच्या मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या २६ जर्मन उतारूंची प्रार्थना सुरू झाली आणि पहिलंच स्तोत्र चालू असताना एक लाट जहाजावर चढली. मुख्य शीड फाटून त्याच्या चिंध्या झाल्या, पाणी डेकखाली शिरलं. इंग्रज उतारू किंचाळू लागले. जर्मन गात राहिले.

हे लिहून ठेवणारा जॉन वेस्ली तेव्हा ३२ वर्षांचा होता. ऑक्सफर्डचा विद्वान, इंग्लंडच्या चर्चचा दीक्षित पाद्री. उपासतापास, पहाटेची प्रार्थना, कैद्यांच्या भेटी, सगळं काटेकोर. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना धर्म शिकवायला निघालेल्या या माणसाला मरणाची भीती वाटत होती, आणि ती त्याने स्वतःपासून लपवली नाही. वादळ ओसरल्यावर त्याने एका मोरेव्हियनाला विचारलं, तुम्ही घाबरला नाहीत का? तो म्हणाला, देवाच्या कृपेने नाही. मग बायकामुलं? तीही मरायला घाबरत नाहीत, असं उत्तर आलं. आता हे उत्तर दिलं एका पुरुषाने. त्या बायकांना वेगळं विचारल्याची नोंद वेस्लीने केलेली नाही. विचारलं असतं तर काय ऐकायला मिळालं असतं, याचं मला अजून कुतूहल आहे.

हा प्रसंग प्रवचनांतून इतका घासला गेलाय, की त्याच नोंदीतला दुसरा भाग सहसा कुणी सांगत नाही. वेस्ली या लोकांना प्रवासभर न्याहाळत होता. त्यांच्याशी बोलता यावं म्हणून त्याने जहाजावरच जर्मन शिकायला घेतलं होतं. इंग्रज ज्या कामांना हात लावत नसत अशी हलकी कामं हे लोक इतर उतारूंसाठी करत आणि पैसे देऊ केले तर नाकारत. कुणी ढकललं, मारलं, पाडलं, तर उठून बाजूला होत, तक्रार नाही. गर्व, राग आणि सूडबुद्धी यांतून ही माणसं सुटली आहेत हे वेस्लीने आधीच पाहिलं होतं. भीतीतूनही सुटली आहेत का, एवढंच बघायचं राहिलं होतं, आणि ते वादळाने दाखवलं.

मला सगळा अर्थ या क्रमात दिसतो. घाण उपसणं आधी, गाणं नंतर. त्या रात्री त्यांनी काही वेगळं केलंच नाही. रोजची प्रार्थना रोजच्या वेळी सुरू झाली होती आणि मध्येच समुद्र आला, एवढंच. काउंट झिंझेनडॉर्फच्या जमिनीवर १७२२ मध्ये मोरेव्हियन निर्वासितांनी हर्नहूट हे गाव वसवलं. १७२७ पासून तिथे पाळीपाळीने अखंड प्रार्थना सुरू झाली, रोजच्या वचनांचं पुस्तक १७३१ पासून छापलं जाऊ लागलं. एकत्र गाणं हा तर त्यांचा नित्यनेमच. आपल्याकडे माळकऱ्याच्या घरी संध्याकाळी हरिपाठ होतो, तेव्हा मन लागलंय की नाही हे कुणी विचारत नाही. मन कधी लागतं, कधी डोळा लागतो. पण ओठांना शब्दांची सवय होते, आणि धीर सुटतो त्या घटकेला हीच सवय कामाला येते.

वेस्लीला त्या वादळात श्रद्धा मिळाली नाही; आपल्याजवळ ती नाही हे कळलं. जॉर्जियातलं त्याचं काम फसलं, बदनामी पदरी घेऊन तो परतला. पीटर बोहलर या मोरेव्हियनाने त्याला सल्ला दिला की श्रद्धा येईपर्यंत श्रद्धेवरच प्रवचनं करत राहा. हा सल्ला ढोंगाकडे झुकणारा वाटतो खरा, पण नित्यनेम पाळणाऱ्या कुणालाही त्यातलं मर्म कळेल. शेवटी २४ मे १७३८ ला, लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका सभेत, जिथे तो मनाविरुद्धच गेला होता, मार्टिन ल्यूथरने रोमकरांच्या पत्राला लिहिलेली प्रस्तावना ऐकताना त्याच्या मनातली गाठ सुटली. वादळाला तोवर सव्वादोन वर्षं उलटली होती.

ज्याला वादळातच देव सापडला त्याची गोष्ट याहून अस्वस्थ करणारी आहे. मार्च १७४८ मध्ये ‘ग्रेहाउंड’ जहाज बुडण्याच्या बेताला आलं तेव्हा जॉन न्यूटन पंपावर उभा राहून तासन्‌तास पाणी उपसत होता. शिवराळ, नास्तिक म्हणवणाऱ्या या खलाशाच्या तोंडून अचानक देवाच्या दयेची याचना निघाली आणि तोच चकित झाला. तो दिवस त्याने पुढे जन्मभर पाळला. पण पुढे हाच माणूस गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांचा कप्तान झाला आणि १७५४ पर्यंत त्या धंद्यात राहिला. वर प्रार्थना, खाली साखळदंडातली माणसं. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याची पुस्तिका निघाली ती १७८८ मध्ये. वादळ आणि पुस्तिका यांत ४० वर्षं गेली. न्यूटनची श्रद्धा खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण लाटेच्या तडाख्यात जे सापडलं ते स्वतःच्या जिवापुरतं होतं. ते खालच्या डेकपर्यंत पोचायला निम्मं आयुष्य लागलं.

म्हणून संकटासाठीच्या आध्यात्मिक सिद्धतेबद्दल कुणी बोलू लागलं की मी आधी खालच्या डेकची चौकशी करतो. ही सिद्धता म्हणजे निव्वळ आतली शांती असेल तर ती फार लवकर बेफिकिरी होते. देवावर हवाला टाकला म्हणून भोंगा, वायरलेस आणि लाइफ जॅकेट यांची गरज संपत नाही. १७ जुलै १९४७ ला मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ आगबोट वाटेत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आषाढी अमावास्येला घरी निघालेली, साधीसुधी, देवाला मानणारी माणसं. त्यांची श्रद्धा कमी पडली असं म्हणायची कुणाची छाती होईल? बोटीवर वायरलेस नव्हता. ती बुडाल्याचं मुंबईला कळायला कित्येक तास गेले.

त्या दिवशी रेवसच्या बाजूचे कोळी मासळी घेऊन मुंबईला निघाले होते. समुद्रात माणसं दिसताच त्यांनी होड्यांतली मासळी टाकून दिली आणि त्या जागी माणसं भरली, असं रायगडच्या किनाऱ्यावर सांगतात. त्या घटकेला त्यांनी कुठल्या देवाचं नाव घेतलं, याची चौकशी कुणी केल्याचं मी ऐकलेलं नाही. पावसाळ्यात भरून आणलेली मासळी म्हणजे घरची कित्येक दिवसांची चूल. ती टाकताना विचाराला वेळ नव्हता, म्हणजे जे काही ठरलं होतं ते त्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असणार.