अदृष्टाचा अधिकार

न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला आरंभीच जे अनुमान शिकविले जाते ते पर्वतावरच्या धुराचे: जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, समोरच्या पर्वतावर धूर आहे, तस्मात् तेथे अग्नी असलाच पाहिजे. सतराव्या शतकातील अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’तही हेच उदाहरण आहे आणि त्यापूर्वीच्या हजार वर्षांतील ग्रंथांतही, परंतु त्या विद्वानांपैकी कोणाचीच डिझेलच्या इंजिनाशी गाठ पडलेली नसल्यामुळे या उदाहरणाची खरी परीक्षा आमच्या काळातल्या मिस्तरीच्या वाट्याला आली. या इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा अठरा-वीस पट दाबली गेल्याने ती इतकी तप्त होते की तिच्यात सोडलेले तेल आपोआप पेट घेते. म्हणून सेल मारल्यावर सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, तर तो बहुधा अग्नीचा नव्हे, अग्नीच्या अभावाचा दाखला असतो, कारण ती न पेटलेल्या तेलाची वाफ असते. काळा धूर हवेच्या मानाने तेल अधिक झाल्याचे सांगतो. आणि कितीही सेल मारला तरी धुराची रेषाही दिसत नसेल, तर तेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही असे समजावे. नैयायिकांना यात काही वावगे वाटले नसते. वाफेला धूर समजणे हा त्यांच्याच दोषयादीतला जुना दोष आहे, आणि तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो हेही त्यांनीच नोंदवून ठेवले आहे.

माझा प्रश्न मात्र धुराचा नाही. जे कारण डोळ्यांना दिसत नाही त्याचे नाव घेण्याचा अधिकार मनुष्याला केव्हा प्राप्त होतो, हा आहे. आणि तो मला पोथीत नव्हे, तर नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरी येथे, एका जुन्या पिकअपच्या उघड्या बोनेटपाशी पडला.

सातपुड्याच्या पायथ्याचा हा मुलूख काळ्या जमिनीचा. केळी, पपई, कापूस आणि ऊस यांचा. येथे गाडी बंद पडणे म्हणजे तोडलेली पपई उन्हात राहणे. ही गाडी रिकामी असताना निमूटपणे चाले. माल भरून चढ लागला की झटके देई, दम तोडी आणि उभी राही. आणि रात्रभर दारात उभी राहिली की सकाळी बॅटरी बसेपर्यंत सेल मारावा लागे. फिल्टर बदलून झाला होता, टाकी धुऊन झाली होती, आणि टाकीपासून पंपापर्यंत कोठेही तेलाचा एक थेंब गळत नव्हता. सर्व दृष्ट कारणे संपली असे मानून घरच्या मंडळींनी अदृष्टाकडे मोर्चा वळविला: गाडी अमावास्येच्या आसपास घरी आली होती, ती घेतल्यावर गल्लीत पुष्कळ बोलणे झाले होते, तेव्हा कोणाची तरी नजर लागली असावी. लिंबू-मिरची बांधली गेली, नारळ फुटला, उताराही झाला. या मंडळींना अडाणी म्हणण्याची घाई मी करणार नाही; कारण त्यांच्या अनुमानाचा सांगाडा मिस्तरीच्या अनुमानाहून भिन्न नव्हता. दोघेही दिसणाऱ्या कार्यावरून न दिसणाऱ्या कारणाकडेच जात होते.

मिस्तरीने प्रथम टाकीचे झाकण सैल केले. टाकीचे हवा घेण्याचे छिद्र बुजले तर आत पोकळी निर्माण होऊन तेल अडते, तो संशय याने फिटतो. फरक पडला नाही. मग फिल्टरवरचा एअर काढण्याचा स्क्रू ढिला करून त्याने हातपंप मारला, तेव्हा तेलाऐवजी फेस आला. पुष्कळ वेळ पंप मारल्यावर स्वच्छ धार लागली, गाडी चालू झाली, आणि थोड्या वेळाने पुन्हा फेस. त्यानंतर त्याने जे केले ते कोणत्याही तर्कशास्त्राच्या वर्गात दाखवावे असे होते. टाकीकडून येणारी नळी त्याने सोडवली, एक डिझेलचा डबा उंच टांगला, पारदर्शक नळीने तो थेट फीड पंपाला जोडला, आणि भरलेली गाडी चढावर नेली. ती दम न तोडता चढली. पुन्हा टाकी जोडली, पुन्हा झटके. एक वस्तू काढली तर दोष जातो, ती घातली तर दोष येतो, बाकी सारे जसेच्या तसे: याचेच नाव अन्वय-व्यतिरेक. “आबा, डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जातेय,” एवढेच तो म्हणाला, आणि चॅसिसला जेथे पट्टीने रबरी नळी आवळलेली होती तेथे ती बोटाने वाकवताच केसाएवढी भेग उघडली. तिच्याभोवतीची धूळ कोरडी होती.

हा कोरडेपणाच साऱ्यांना चकवीत होता. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीखाली असते; तिच्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असल्यामुळे भेग पडली तरी तेल बाहेर न येता हवाच आत शिरते, आणि गाडी उभी राहिली की तीच हवा नळीतले तेल टाकीकडे परत जाऊ देते. इंजेक्शन पंपाच्या पुढच्या नळ्यांत प्रचंड दाब असतो. तेथे भेग असती तर ती लपूच शकली नसती. म्हणजे ‘थेंब नाही, म्हणून भेग नाही’ हा युक्तिवाद एका बाजूस निर्दोष आणि दुसऱ्या बाजूस कुचकामाचा.

सातव्या शतकात धर्मकीर्ती या बौद्ध आचार्याने नेमका हाच भेद केला होता. अभावाचे ज्ञान कसे होते, यावर मीमांसक आणि नैयायिक यांचा कज्जा शतकानुशतके चालला: कुमारिल भट्टांनी त्यासाठी स्वतंत्र प्रमाण मानले, नैयायिकांनी ते प्रत्यक्षातच बसविले. धर्मकीर्तीने त्यात एक अट घातली: जी वस्तू असती तर दिसलीच असती, तिचे न दिसणे हाच तिच्या नसण्याचा पुरावा; जी असूनही दिसणार नाही, तिच्या न दिसण्यावरून केवळ संशय उरतो. आणि या दुसऱ्या प्रकारासाठी त्या परंपरेतले ठरलेले उदाहरण कोणते? पिशाचाचे. पिशाच दिसत नाही, एवढ्यावरून ते नाही असे सिद्ध होत नाही. श्रद्धाळू वाचकाने येथे समाधान मानू नये. कारण त्याच न्यायाने ते आहे असेही म्हणता येत नाही, आणि नुसत्या संशयावर कोणतीही कारवाई उभी राहत नाही. मिस्तरीची हवाही अदृष्टच होती. पण तिने परीक्षेस संमती दिली, डबा टांगताच ती निघून गेली आणि नळी जोडताच परत आली. नजरेला असा डबा टांगता येत नाही.

आपल्या दर्शनांनी अदृष्टाला स्थान दिले आहे, हे खरे. वैशेषिक सूत्रांत अग्नीची ज्वाला वर का जाते आणि सुई लोहचुंबकाकडे का सरकते, यांचे उत्तर अदृष्ट असेच दिले आहे. पण त्या दोन्ही गोष्टींचा उलगडा पुढे दृष्ट कारणांनी झाला आणि त्यामुळे धर्माचे काहीही बिघडले नाही. दृष्ट कारणाचा संभव असताना अदृष्टाची कल्पना करू नये, हा दंडक तर कर्मफलावर पूर्ण विश्वास असलेल्या आमच्याच शास्त्रकारांचा आहे.

कोणी म्हणेल, भेग कशी पडली हे कळले. पण ती माझ्याच गाडीला, पपई भरलेल्या दिवशीच का पडली? तत्कालीन सुदानमधील अझांदे लोकांविषयीच्या आपल्या 1937 च्या ग्रंथात मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी हाच प्रश्न नोंदविला आहे: धान्याचे कोठार वाळवीने खांब पोखरल्यामुळे कोसळले हे त्या लोकांना ठाऊक असते, त्याखाली नेमकी तीच माणसे त्याच वेळी का बसली होती, याचे उत्तर ते चेटूक असे देतात. प्रश्न मानवी आहे; मी त्याला हसत नाही. परंतु त्याचे उत्तर म्हणून ‘कर्म’ म्हणणे आणि ‘नजर’ म्हणणे यांत मोठे अंतर आहे. कर्म म्हटले तर हिशेब स्वतःपाशी राहतो. नजर म्हटली की डोळा आला, डोळा आला की त्याची मालकीण शोधणे आले; आणि याच सातपुड्याच्या परिसरात त्या शोधाने ‘डाकीण’ ठरवून कितीतरी स्त्रियांचा छळ झाला आहे. महाराष्ट्राने 2013 साली केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा ठपका ठेवणे हा सहा महिने ते सात वर्षे कैदेचा गुन्हा ठरविला.

लिंबू-मिरचीला माझी हरकत नाही; ती कोणाचे नाव घेत नाही. पण पिशाच नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कोणा बाईवर नाही. तिच्यामुळे अनिष्ट घडले असे म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करावयाचे आहे, आणि तोवर तिचे नाव उच्चारण्याचा अधिकार त्याला नाही.